पित्रात अर्धं भाडं

माझं लग्न पितृपंधरवड्यात झालं. हे मी चारचौघींत बोलले की निवडायला घेतलेली भाजी क्षणभर हातात तशीच राहते. मग मी सांगते, हॉटेल अर्ध्या भाड्यात मिळत होतं म्हणून. बायका हसतात आणि विषय पुढं सरकतो. मी सांगते ते खोटं नाही. फक्त ते सगळं नाही.

हॉटेल दौंडचं. स्टेशनातून बाहेर पडून बाजारपेठेच्या तोंडाशी आलं की ती दुमजली इमारत समोर दिसायची. गाडी बदलायला उतरणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी इंग्रजांच्या काळात कुणीतरी ती बांधली होती म्हणत. रुंद सागवानी जिना, पायऱ्यांवर पितळी कांब्यांनी दाबून बसवलेला लाल गालिचा, खालच्या जेवणाच्या दालनात संगमरवरी टेबलं आणि एका भिंतीला उभा आडवा भलाथोरला आरसा. आम्ही गेलो तोवर गालिच्याचा लाल रंग फक्त कडांना उरला होता, आरशाचा पारा जागोजाग उडाला होता आणि खोलीतलं घंटीचं बटण दाबलं तर कुठंच काही वाजत नसे. इंजिनांच्या धुराची काजळी कठड्यावर बोटभर साचलेली. पण थाट होता. वय झालं तरी पदर डोक्यावरून ढळू न देणारी एखादी बाई असते, तसं ते हॉटेल होतं.

ते ठरवलं दादानं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दौंडच्या शेडमध्ये तो फायरमन होता, इंजिनात कोळसा मारायचा. आम्ही शिरूरला. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कोर्टात बेलीफ होते आणि मी गावातल्याच प्राथमिक शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं लग्न सोलापूरकडच्या पोस्टातल्या एका मुलाशी ठरलं. शिरूरला रेल्वे नाही, त्यांची माणसं रेल्वेनं येणार, म्हणून लग्न दौंडला करायचं ठरलं आणि जागा बघायचं काम दादाकडं आलं.

एका सुटीला तो घरी आला तोच हसत.

"आप्पा, पित्रात सगळं हॉटेल मोकळं पडतंय. पंधरा दिवस कुत्रं फिरकत न्हाई. मॅनेजर म्हनतो, निम्म्या भाड्यात घ्या. आपल्याला काय पित्रं आन् काय मुहूर्त!"

आप्पा क्वचित हसत. त्या दिवशी हसले. धम्म घेतला तेव्हा ते ऐन तरुण होते. देवघरातले टाक त्यांनी स्वतःच्या हातानं घोडनदीत सोडले होते. त्यानंतर आमच्या घरी पित्रं नाहीत, सुतक नाही, मुहूर्त नाही. लोकांना जो पंधरवडा अशुभ, तो आमच्यासाठी स्वस्त, हे त्यांना मनापासून आवडलं. एका दगडात दोन पक्षी. पैसे वाचले आणि तत्त्वही राहिलं.

"तीन खोल्या सांगितल्यात," दादा म्हणाला. "एक बायांना, एक गड्यांना. आन् पुढची, ग्यालरीची, ती माझी. एक रात तरी पंखा फुल सोडून एकटा निजनार. सकाळी बादलीभर ऊन पानी खोलीत. साहेबावानी."

"लगीन तिचं हाय का तुझं?" आई म्हणाली.

"तिचं काय, ती आता जलमभर पोस्टाची साहेबीन."

शेडजवळ एका खोलीत ते पाचजण राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं एकाची वळकटी गुंडाळायच्या आत दुसरा आडवा होई. पंखा नव्हता. आगीपुढं उभं राहून आलेला माणूस पत्र्याखाली निजायचा. त्यामुळं त्या खोलीचं त्याला काय अप्रूप होतं, ते आम्हाला कळत होतं. आईनं त्याच्यासाठी नवीन चादर घ्यायचं कबूल केलं.

आषाढात त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. एसटीनं शिरूरला आणला तेव्हा डोळे हळदीसारखे होते आणि तो माणसं ओळखत नव्हता. सरकारी दवाखान्यात दोनच दिवस काढले त्यानं.

बातमी घेऊन आप्पा घरी आले. बेलीफाला लोकांच्या दारात उभं राहून हुकूम वाचायचे असतात. जप्तीचा, घर खाली करायचा. समोरच्याच्या तोंडाकडं न बघता, आवाज वरखाली न करता वाचायची त्यांना सवय होती. त्याच आवाजात ते उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "गेला." मग म्हणाले, "मानसं बोलवाया पायजेत."

ते रडले नाहीत. त्या दिवशी नाही, पुण्यानुमोदनाच्या दिवशी नाही, नंतरही नाही. दादाचं नावही त्यांनी घरात घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कोटाला इस्त्री करून कोर्टात गेले.

मुलाकडची माणसं भली होती. त्यांनी आपणहून कळवलं की वर्षभर थांबू. आईनं ते धरून ठेवलं. आप्पा म्हणाले, "सुतक, वरीस, समदं आपुन सोडलंय. तारीख हाय ती हाय."

"सुतक सोडलं," आई म्हणाली. "पोरगा बी सोडला का?"

आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते तेव्हापासून. ते समोर पाटावर बसलेले असले तरी ती मला म्हणायची, "त्यास्नी सांग, भाकरी वाढलीय." मी सांगायची. ते जेवायचे. पुढं एक दिवस तिनं भांडी घासता घासता, पुन्हा माझ्याकडं बघूनच, सांगून टाकलं, "मी दौंडला येते. तुला नटवीन बी. पन लग्नाला उभी ऱ्हानार न्हाई. ज्याच्या जिवाला काई वाटत न्हाई त्यानं उभं ऱ्हावं."

या सगळ्यात मी काय करत होते, असं कुणी विचारलं तर काही नाही. शाळेत जात होते, पोरांचे पाढे घेत होते. मला दुःख होत नव्हतं असं नाही, मला काहीच होत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. लग्न होवो, न होवो. फक्त एक गोष्ट आत कुठंतरी टोचत होती. आई लग्नात उभी नसणार. मुलाकडच्यांपुढं, सगळ्या गोतापुढं माझ्या बाजूला आईची जागा रिकामी दिसणार. आणि तशी ती दिसली की आईबाप पुन्हा कधी एकमेकांशी बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोघंही हट्टी. मीही त्यांचीच.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही एसटीनं दौंडला उतरलो. पित्रांमुळं बाजारपेठ ओसाड होती, कापडवाले गादीवर डुलक्या घेत होते. हॉटेलच्या दारात काळा, गळाबंद कोट घातलेला म्हातारा मॅनेजर उभा होता. त्यानं आम्हाला वाकून नमस्कार केला. एरवी आमच्या माणसांपुढं त्यानं इतकी कंबर वाकवली असती का, सांगता येत नाही. आमचे आजोबा दौंडला असताना त्याच हॉटेलच्या मागच्या दारानं चुलीची राख न्यायला यायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण पंधरा दिवस हॉटेल रिकामं होतं आणि आम्ही गिऱ्हाईक होतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, जातही आठवत नसावी. आप्पा पुढच्या जिन्यानं वर गेले. कठड्याला हात लावून, सावकाश, कुणाकडंही न बघता.

मॅनेजरनं पितळी बिल्ले लावलेल्या तीन किल्ल्या दिल्या. आप्पांनी एक आत्याला दिली, एक चुलतभावांना. तिसरी कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

आत्या राहूची. राहूची म्हणजे बागाईत गावची, तोंडानं खमकी. बायकांच्या खोलीत इतक्या जणी कोंबल्या गेल्या की पाय ठेवायला जागा उरली नाही. गडी तर सतरंज्या घेऊन गॅलरीच्या वाटेत पसरले.

"आप्पा, ती तिसरी खोली कुनाला?" आत्यानं विचारलं.

"हाय."

"हाय म्हंजी?"

"हाय म्हंजी हाय."

आत्यानं माझ्याकडं बघून ओठ दुमडले. मी बघितलं न बघितलं केलं. मला वाटलं, लग्नाचं सामान ठेवलं असेल. खरं तर मला काही वाटलंच नाही. मी कॉटवर बसून छताच्या नक्षीकडं बघत होते. पांढऱ्या चुन्यात द्राक्षांचे घड केलेले होते. त्यातला एक गळून पडला होता आणि तिथं नुसता गोल डाग होता.

संध्याकाळी सगळे खाली जेवायला गेलो. टेबलांवर पांढरी कापडं होती, इस्त्री केलेली आणि रफू केलेली. ताटल्यांच्या कडेची सोनेरी रेघ धुऊन धुऊन पुसट झालेली. आमची पोरं त्या आरशापुढं तोंडं वेडीवाकडी करून दमली. पांढरा साफा बांधलेला म्हातारा बेअरा प्रत्येकाच्या डाव्या हाताला उभा राहून वाढत होता, त्यामुळं आमच्या बायका त्याला लाजून पुरेसं घेईनात. आई जेवायला आली नाही. मी ताट वर नेलं. तिनं दोन घास खाल्ले आणि भिंतीकडं तोंड करून पडली. उद्याबद्दल मी काही विचारलं नाही.

सकाळी कळलं की रात्री आप्पा गड्यांच्या खोलीत निजले नव्हते. गॅलरीतही नव्हते.

मी बायकांच्या खोलीच्या दारात केस सोडून उभी होते. बेअरा गरम पाण्याच्या बादल्या घेऊन वर आला. नळांना पाणी चढत नसे, म्हणून खालून बादल्या यायच्या. एक त्यानं आमच्या दारात ठेवली, एक गड्यांच्या. तिसरी घेऊन तो गॅलरीच्या टोकाला गेला. पुढच्या खोलीचं दार आतून उघडलं. बादली आत गेली.

आत्यानंही ते पाहिलं. तिच्या पोटात गोष्ट राहायची नाही. ती आईच्या उशाशी जाऊन बसली.

"वैनी, समजलं का? मानसं फरशीवर निजली आन् आमचा भाऊ पुढल्या खोलीत एकला. ऊन पानी बी घेतलंय. साहेबावानी."

साहेबावानी हा शब्द पडला आणि आई उठून बसली. इतके दिवस तिच्या तोंडावर मी राग पाहिला नव्हता, नुसतं सुकलेपण पाहिलं होतं. ती अंबाडा न बांधता, अनवाणी गॅलरीतून चालत सुटली. मी मागं गेले. आता भांडण होणार, सगळ्या गोतापुढं होणार, आणि त्यानंतर लग्न काय व्हायचं ते होवो, असं मनात आलं. तेही लांबून, दुसऱ्याचं असल्यासारखं.

दार लोटलेलं होतं. आईनं ते धाडकन उघडलं.

खोली मोठी होती, गॅलरीतून ऊन आत आलेलं. मधोमध पलंग. पलंगावर नवी कोरी चादर, घडीच्या रेघा अजून तशाच, एक सुरकुती नाही. उशी कुणी दाबलेली नाही. वरचा पंखा फुल सोडलेला, कडकड आवाज करत फिरत होता. न्हाणीच्या दाराशी बादलीतून वाफ निघत होती. आप्पा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, कोट घातलेला, टोपी मांडीवर. रात्रभर ते त्या खुर्चीवरच बसले होते, हे त्यांच्याकडं बघून कुणीही सांगितलं असतं.

ते उठून उभे राहिले. आईकडं त्यांनी बघितलं नाही. पंख्याकडं बघत, त्याच हुकूम वाचायच्या आवाजात म्हणाले, "तीन खोल्या त्यानं सांगितल्या व्हत्या. मी कमी न्हाई केली."

आई चादरीकडं बघत राहिली. घ्यायचं कबूल करून तिनं ती चादर घेतली नव्हती, घेण्याचं कारणच उरलं नव्हतं. ती आप्पांनी घेतली होती. शिरूरच्या बाजारात कोर्टाच्या कोटात उभं राहून त्यांनी चादर कशी निवडली असेल, हे मी नंतर पुष्कळदा डोळ्यांपुढं आणून पाहिलं आहे.

मला वाटलं आता दोघंही रडतील. दोघंही रडले नाहीत. आप्पा आमच्या अंगावरून बाहेर गेले. आईनं वाकून बादलीत बोटं घातली.

"निवल आता," ती मला म्हणाली. "तू ये. तुझी आंगूळ हितंच."

न्हाणीत साहेबांच्या वेळचा, वाघाच्या पंजांवर उभा असलेला पांढरा टब होता, आत तपकिरी ओघळ पडलेले. आईनं मला त्याच्याशेजारी फरशीवर बसवलं आणि दादासाठी आलेलं पाणी तांब्या-तांब्यानं माझ्या डोक्यावर घातलं. पाणी ऊन आहे की कोमट, ते मला कळत नव्हतं. वाहतंय एवढं कळत होतं. शेवटचा तांब्या उरला तो तिनं स्वतःच्या तोंडावर मारला आणि पदरानं पुसला.

बाहेर गॅलरीत आत्या वाट बघत होती. "काय हाय गं आत?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

आई अंबाडा बांधत होती. दातात धरलेला आकडा काढून ती म्हणाली, "पित्रात लोक मेलेल्याला जेवू घालत्यात. ह्यांनी निजाया जागा केली."

आत्याचा हात तोंडावर गेला. दिवसभर ती कुणाशी बोलली नाही, आणि आत्यानं न बोलणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती.

लग्न दुपारी खालच्या दालनात लागलं. टेबलं भिंतीला लावली होती, पुढं दोन तसबिरी, मेणबत्त्या, पिंपळाची पानं. मी पांढरं पातळ नेसले होते. सगळ्यांबरोबर त्रिशरण, पंचशील म्हटलं, माझे ओठ हलत होते. त्या जुन्या आरशात आम्ही सगळे धुरकट दिसत होतो, आणि जिथं पारा उडाला होता तिथं दिसतच नव्हतो. मी मान वळवून बघितलं. आई उभी होती. आप्पांच्या शेजारी, पण दोघांच्या मधे एका माणसाची जागा सोडून. फोटोवाल्यानं हात करून त्यांना जवळ सरकायला सांगितलं. दोघंही सरकले नाहीत. तो फोटो माझ्याकडं आहे. बघणारे म्हणतात, मधे कुणीतरी असायला पाहिजे होतं. मी हो म्हणते.

आई उभी राहिली म्हणून मला हायसं वाटलं असेल. वाटायला हवं होतं. मला आठवतं ते एवढंच की टाकलेली फुलं केसांत अडकली होती आणि मानेला टोचत होती.

सोलापूरकडची गाडी संध्याकाळची होती. निघायच्या आधी आप्पा मॅनेजरच्या टेबलाशी हिशेब करायला उभे राहिले. मी आणि माझे यजमान बाजूला. आई पिशवी घेऊन दाराशी. मॅनेजरनं किल्ल्या घेतल्या. तिसरी हातात वजन केल्यासारखी धरली. बेअऱ्यानं त्याला सांगितलं असणार.

"ही पुढची खोली," तो मऊ आवाजात म्हणाला, "अंथरूणसुद्धा मोडलं नाही कुणी. हिचं भाडं राहू द्या साहेब. न वापरलेल्या खोलीचं आम्ही घेत नाही."

जन्मात आप्पांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. आणि घासाघीस केल्याशिवाय त्यांनी कधी कोथिंबिरीची जुडी घेतली नव्हती. अर्ध्या भाड्यावर आणखी सूट मिळत होती, तीही न मागता. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"लावा भाडं," ते म्हणाले. "पोरगा ऱ्हायला व्हता."

'व्हता'वर त्यांचा आवाज फुटला. कोर्टाचा तो सपाट आवाज मधेच तुटला आणि पुढं काही आलं नाही. पैसे टेबलावर ठेवताना नाणी घरंगळली आणि मॅनेजरनं ती एकेक करून गोळा केली.

माझा गाल माझा झाला तो तेव्हा. मला इतकं रडू आलं की माझ्या नव्या सासरच्यांना वाटलं, मुलगी माहेर सुटतं म्हणून रडते आहे. त्यांनी पाणी आणलं.

आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आषाढापासून पहिल्यांदाच तिनं आप्पांच्या तोंडाकडं बघितलं.

"चला," ती त्यांना म्हणाली. "एसटी चुकंल."